अंजीरवाल्या सिस्टर

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की आमच्या वाड्यावरचे लोक पाव घ्यायला धावत नसत. आधी जनेलातून डोकावून बघत, सिस्टर रस्त्यावर आहेत का. असल्या तर पोदेराची सायकल पुढे गेली तरी चालेल, लोक आतच थांबत. कारण सिस्टर कोणालाही, कुठेही, कितीही माणसांत एकच गोष्ट विचारत, आणि ती कानात विचारायची गोष्ट असली तरी गावाला ऐकू जाईल अशी विचारत.

"पोट साफ झाला मा?"

देवळात भटजी संकल्प सांगत असताना विचारलेलं मी ऐकलंय. लग्नाच्या मांडवात, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला विचारलेलं ऐकलंय, आणि तो बिचारा लाजून खरं सांगून मोकळा झाला तेही ऐकलंय. एकदा ग्रामसभेत एक गृहस्थ तावातावाने बोलत होते, टेबलावर हात आपटत होते. सिस्टर मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या की हा माणूस आज गेलेला दिसत नाही. म्हणाल्या हळूच, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हळूच. त्या गृहस्थांनी भाषण आवरलं आणि सभा लौकर सुटली. लोकांनी मनातल्या मनात सिस्टरांना हात जोडले असतील.

नलिनी गावस हे त्यांचं नाव, पण ते पोस्टमनशिवाय कोणी घेत नसे. त्यांचे सख्खे दीरसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणत. पेडण्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढून त्या निवृत्त झाल्या आणि लाटंबार्शात, सासरच्या घरात येऊन राहिल्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, फोंड्याला एक पुतण्या. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये काजूची चार झाडं आणि एक मोडकी वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. ते कुंपण त्यांनी कधी मानलं नाही.

ठेंगणी, रुंद, बारीक काठाचं पांढरं लुगडं, काखेत छत्री. सावंतवाडीकडचं माहेर, त्यामुळे बोलणं मालवणी. बसायच्या कधीच नाहीत. कोणाकडेही गेल्या की दाराच्या चौकटीला खांदा लावून उभ्या. "बसलंय की माका झोप येता," म्हणायच्या. आणि हात धुतले की पुसायच्या नाहीत. कोपरापर्यंत धुवून, दोन्ही हात वर धरून, वाऱ्यावर सुकवायच्या. ऑपरेशनच्या खोलीतली सवय. हळदीकुंकवाला आल्या तरी तेच. नवीन सुनांना वाटायचं, बाई आशीर्वाद देतेय. दोघीतिघी तर वाकून पायाही पडल्या. सिस्टरांनी त्यांनाही पोटाचं विचारलं.

ह्या सगळ्या चौकशीवर त्यांच्याकडे उपाय मात्र एक. सुकं अंजीर.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायच्या आणि अंजिरांच्या माळा आणायच्या, त्या गवताच्या दोरीत ओवलेल्या, चपट्या, तपकिरी. पण आणायच्या म्हणजे नुसत्या आणायच्या नाहीत. दुकानदारासमोर एक अंजीर मधोमध फाडायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि आत बघायच्या. किडा नाही ना, जाळं नाही ना. वर पांढरं दिसलं तर जिभेला लावून बघायच्या आणि नाकाशी धरायच्या. गोड लागलं तर ती अंजिराचीच साखर, कुबट वास आला तर बुरशी, सगळा ढीग परत. दुकानदार म्हणायचा, सिस्टर, तुम्ही माझं दुकान तपासायला येता की माल घ्यायला? एकदा मी बरोबर होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, चला ना, लोक बघतायत. त्या म्हणाल्या, "बघूदेत. न फोडता अंजीर खावचा नाय आणि न बघता सोयरीक जुळवची नाय." माझं लग्न झालेलं होतं म्हणून मी गप्प बसले.

अंजिराला कोणी औषध म्हटलेलं त्यांना खपत नसे. औषध म्हटलं की माणूस बरं वाटल्याबरोबर सोडतो, म्हणायच्या. हे खाणं आहे, पेजेसारखं, भातासारखं. त्यात काय काय आहे ते त्यांच्या तोंडून ऐकावं. हाडाला लागणारं कॅल्शियम आहे, रक्ताला लागणारं लोह आहे, रक्तदाब ताळ्यावर ठेवणारं पोटॅशियम आहे, आणि मुख्य म्हणजे चोथा आहे. चोथा हा शब्द त्या अशा म्हणायच्या की बासुंदीहून चांगला वाटावा. पण त्याच दमात बजावायच्या की साखरही आहे, आणि सुकल्यावर ती दाटते. आमच्या ह्यांना मधुमेहाची सुरुवात झाली तेव्हा ह्यांनी अंजीर म्हणजे फळच, म्हणून डबा जवळ ओढला. सिस्टरांनी तो काढून घेतला, एक अंजीर हातावर ठेवलं आणि सांगितलं की हे खा आणि दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटं आजपासून बंद. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एका अंजिरासाठी बिस्किटांचा पुडा गेला!

आणि त्या पांडूची गोष्ट तर अजून सांगतात. खाणी जोरात चालू होत्या तेव्हाची. पांडू खाणीवर ट्रक चालवायचा. दिवसभर बैठं काम, पाणी पिणं नाही, पोट कायमचं गच्च. सिस्टरांनी त्याला रात्री दोन अंजिरं भिजवून सकाळी खायला सांगितली. पांडूला वाटलं, दोनांनी गुण येत असेल तर जास्त खाल्ल्याने लवकर येईल. पठ्ठ्याने सकाळी अख्खी माळ खाल्ली आणि ट्रक घेऊन निघाला. पुढे ट्रकांची रांग, मागे ट्रकांची रांग, धूळ, आणि मध्ये पांडू. शेवटी ट्रक तसाच सोडून तो काजूच्या बागेत पळाला. मागच्यांनी भोंगे वाजवून रान डोक्यावर घेतलं. संध्याकाळी तो भांडायला सिस्टरांकडे आला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की माळ देवाला घालतात, पोटात नाही. मग त्याला मीठ-साखरेचं पाणी करून पाजलं आणि दाराशी उभ्या राहून विचारायचं ते विचारलंच.

आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे. डिचोलीच्या एका पतसंस्थेत मी कारकून. सकाळची बस गाठायची, संध्याकाळी येऊन चूल सांभाळायची. शेजारी कोण काय खातं आणि कोणाचं काय होतं ह्यात लक्ष घालायला मला सवड नव्हती, आणि माझा स्वभाव तापट. सिस्टर म्हणजे वाड्यावरची एक करमणूक, एवढंच मला वाटे. मग आमच्या आई पडल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय झालेलं, पण काजूच्या दिवसांत घरात बसणं त्यांना माहीत नाही. मोसम संपत आला होता, तरी टोपली घेऊन बागेत गेल्या, खाली पडलेल्या एका बोंडूवरून, काजूच्या पिकल्या फळावरून, पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, सगळं नीट झालं. घरी पाठवताना डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हाडाची काळजी करू नका, बाईची करा. रक्त फार कमी आहे, अंगात ताकद नाही. खाऊन पिऊन हिला लवकर उभी करा. अंथरुणाला खिळली तर पाठ फुटेल, छातीत कफ धरेल, आणि मग ही उठायची नाही.

उठायची नाही, म्हणजे काय ते आम्हाला कळलं.

आणि आई तर जेवेचनात. पेज केली तर दोन कुलेर, म्हणजे दोन चमचे, भाजी केली तर नुसतं बोट लावणार, पाणी तर ओठ ओले करण्यापुरतं. मी काय काय नाही केलं! नाचणीचं सत्त्व केलं, मुगाचं कढण केलं, त्यांना आवडतात म्हणून पातोळ्या केल्या, नागपंचमी लांब असताना. "माका भूक ना गो," एवढंच. रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या उशीखाली सापडल्या. विचारलं तर म्हणाल्या, त्यांनी पोट दगडासारखं होतं. दिवसेंदिवस बाई वाळत चालली. वॉकर आणून भिंतीला लावून ठेवलेला, त्याच्यावर कपडे वाळत पडायला लागले. रात्री हे ओट्यावर बसून रडायचे आणि मी आतून भांडी आपटायचे. मला वाटायचं, हट्ट आहे हा म्हातारीचा, दुसरं काही नाही.

पावसाला सुरुवात झाली होती. अशाच एका सकाळी सिस्टर आल्या, छत्री बाहेर उलटी ठेवली, हात धुतले आणि वर धरून चौकटीला टेकल्या. मला धसका. आता ह्या आईंना तो प्रश्न विचारणार, मोठ्याने, शेजारची माणसं बघायला आलेली असताना. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. आईंच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या भरलेला होता, तो बघितला. मी उठवायला हात पुढे केला तेव्हा आईंनी चेहरा भिंतीकडे वळवला, तोही बघितला. मग खाटेजवळ जाऊन खाली वाकल्या आणि आईंच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं. वाड्याला ऐकू जाणारा तो आवाज, दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला नाही. आईंच्या डोळ्यांना धार लागली.

सिस्टर मला घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"मंगल, ती जेवणावर रुसलेली नाय," त्या म्हणाल्या. "जेवली की बाहेर जावक लागता. बाहेर जावचा म्हणजे तुका उठवक लागता, तू धरतलंस, तू धुतलंस. त्याची तिका लाज वाटता. म्हणान ती जेवणाच नाय."

मी पातेलं हातात धरून उभी. मला आधी रागच आला. एवढी वर्षं एका घरात राहून माझी लाज? मग तो राग गेला आणि मी चुलीपाशी बसून मोठ्याने रडले. उद्या मी पडले, तर माझ्या सुनेच्या हातून मी तरी धुवून घेईन का? जीव नकोसा होईल मला. आई तेच करत होत्या. उपाशी राहून आमचा त्रास वाचवत होत्या.

त्याच दिवशी सिस्टरांनी घर ताब्यात घेतलं. वापरात नसलेली एक दणकट लाकडी खुर्ची होती, तिला मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, मध्ये भोक पाडून घेतलं, खाली भांडं. खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधून जाड चादरीचा पडदा केला. भिंतीला धरायला दांडा ठोकला. खाटेवरून खुर्चीपर्यंत धरून न्यायचं, पडदा ओढायचा आणि आपण खोलीबाहेर निघून जायचं. आईंनी हाक मारल्याशिवाय कोणी आत डोकवायचं नाही, आणि ह्या विषयावर घरात कोणी चकार शब्द काढायचा नाही. विचारायचं असेल ते त्या विचारतील. हे सगळं त्यांनी मला आणि ह्यांना अंगणात उभं करून सांगितलं, शाळेत सांगतात तसं. ह्यांनी मान डोलावली. आईच्या बाबतीत ह्यांना कोणीतरी हुकूम द्यायला हवाच होता.

मग अंजिरं. रात्री दोन अंजिरं फोडून, बघून, धुवून कोपात, म्हणजे पेल्यात, अर्धं पाणी घेऊन भिजत घालायची. सकाळी चावून चावून खायची आणि वरून ते पाणी प्यायचं. त्यावर आणखी पेलाभर कोमट पाणी. कारण चोथ्याला पाणी मिळालं नाही तर तो उलटा अडून बसतो. त्यानंतर रक्ताची गोळी, आणि जिभेवर लिंबाची फोड, लोह अंगी लागायला. आणि चहा? आईंनी खाटेवरून विचारलं. चहा तासाभराने, चहा लोह खाऊन टाकतो. ह्यावर मात्र आई भांडल्या. सकाळचा चहा नाही म्हणजे माणसाने जगायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर म्हणाल्या, जगण्याबद्दल बोलायला लागलात हेच बरं झालं.

इतकं सगळं केलं आणि काहीही झालं नाही. एक आठवडा गेला. सकाळी मी बससाठी पळायच्या घाईत, त्यामुळे अंजिरांचं काम हे करत. सिस्टर रोज येत, आईंच्या कानाशी वाकत आणि कपाळाला आठ्या घालून परत जात. अंजिरांनी त्यांना असा दगा कधी दिला नव्हता. त्यांनी माळ बदलली. शुक्रवारी म्हापशाला जाऊन दुकानदाराला फैलावर घेतलं. पाणी वाढवलं. नाही म्हणजे नाहीच. इकडे आईंनी गोळ्या पुन्हा उशीखाली सरकवायला सुरुवात केली, आणि पुढल्या तपासणीची वेळ जवळ येत चाललेली. डॉक्टर बघतील तर म्हातारी होती तिथेच, उलट आणखी खाली. मला रात्री झोप लागेना.

आणि मग एका रविवारी सिस्टर नेहमीच्या आधी आल्या, आणि पुढच्या दाराने न येता वईतून मागच्या अंगणात उतरल्या. तिथे आमचे हे उकिडवे बसलेले. समोर कोप. अंजिरं दोन्ही तळव्यांत धरून, दात ओठ खाऊन पिळत होते. ते तपकिरी गोड पाणी, आतला गर, सगळ्या बिया, मिरचीच्या झाडाच्या मुळाशी. मग वरून ताजं पाणी, पुन्हा पिळणं. बशीत दोन चपटी सालं पडलेली.

मी वईच्या काट्यांचा आवाज ऐकून बाहेर आले. सिस्टर बशीतल्या सालांकडे बघत होत्या. हे घाबरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, आईनेच सांगितलं तसं करायला.

झालं होतं ते असं. आमच्याकडे पावसाळ्याच्या बेगमीत, म्हणजे पुरुमेंतात, कच्च्या फणसाचे गरे मिठात घालून ठेवतात. भर पावसात ते काढायचे, पाण्यात भिजवायचे, दोनतीनदा पाणी बदलायचं, हाताने घट्ट पिळायचे आणि खारट पाणी फेकून द्यायचं, मग भाजी. आईंचा सगळा जन्म हे करण्यात गेलेला. भिजवलेल्याचं पाणी कोणी पितं हे त्यांच्या कानांनी ऐकलं, पण हाताला पटलं नाही. त्यांनी लेकाला खाटेवरून सांगितलं, सिस्टरांना घाईत सांगायचं राहिलं असेल, तू आपला तीनदा धू आणि नीट पिळ. लेकानेही आपला फणस पिळला.

सिस्टरांनी मिरचीच्या झाडाकडे बोट केलं.

"आता ह्या मिरचेक विचार," त्या ह्यांना म्हणाल्या, "पोट साफ झाला मा म्हणान."

मी हसले. हे हसले. आणि आतून खोलीतून एक आवाज आला, आम्हाला पहिल्यांदा कळेना कसला. आई हसत होत्या. खुब्याला हात धरून, दुखतंय दुखतंय म्हणत, पडल्यापासून पहिल्यांदा हसत होत्या.

सिस्टर आत गेल्या आणि त्यांनी आईंना नीट समजावलं. रागावल्या नाहीत. फणस खारवलेला, म्हणून त्यातलं मीठ काढायचं. अंजीर उन्हात वाळवलेलं, त्याचं जे काय आहे ते त्या पाण्यात उतरतं. पाणी फेकलं आणि गर पिळून काढला तर उरतं काय? आईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, हे आधी असं सांगितलं असतंत तर! जशी चूक सिस्टरांचीच. सिस्टरांनी ती मान्य करून टाकली.

दोनतीन दिवसांनी सकाळी मी डबा भरत होते, तेवढ्यात सिस्टर आईंच्या खोलीतून स्वयंपाकघरात आल्या. हात वर नव्हते, बाजूला सोडलेले होते. त्यांनी पाट ओढला आणि त्यावर बसल्या. आमच्या घरात त्या बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. "चहा टाक गो," म्हणाल्या. काय झालं ते विचारायची गरज नव्हती आणि त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघींनी चहा प्यायला. बस चुकली, चुकू दिली.

पोट मोकळं झालं तशी गोळी पोटात राहायला लागली. गोळी राहिली तसं रक्त हळूहळू चढलं. भूक लागली तशी पेज गेली, पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा गेला, आणि एक दिवस आईंनी माझ्या आमटीला नावं ठेवली तेव्हा मी देवाजवळ दिवा लावला. पाऊस ओसरायच्या आत त्या वॉकरला धरून उभ्या राहिल्या. मी कौतुकाने शेजारणीला सांगत होते की अंजिराने सासू उठली. सिस्टर तिथेच होत्या. त्यांनी मला अडवलं. म्हणाल्या, हाड डॉक्टरने जोडलं, रक्त गोळीने वाढवलं, आणि उभी ती तिच्या जिवावर राहिली. अंजिराने फक्त वाट मोकळी केली. उगाच कोणाच्या नावावर काही खपवू नये.

स्वतःचं नाव त्यांनी घेतलंच नाही, आणि आम्हालाही घेऊ दिलं नाही. मी एकदा साडी घेऊन गेले. मनापासून घेतली होती, बारीक काठाची. तर म्हणाल्या, तुझ्या सासूला दे, तिला बाहेर जाताना लागेल. मी म्हटलं, सिस्टर, तुमचे उपकार... त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही, कुठल्यातरी मांजरावर ओरडायला म्हणून घरात गेल्या. मांजर नव्हतं. मला तेव्हा म्हणायचं होतं ते राहिलं, म्हणून आता लिहिते: माझ्या घरातली माणसाची लाज तुम्ही राखलीत, आणि माणूसही राखलंत. मी जन्मभर ऋणी आहे.

त्यानंतर वर्षभराने त्यांचेच पाय सुजायला लागले. मूत्रपिंडाचं दुखणं, बरीच वर्षं आत दबा धरून बसलेलं. मला कसं कळलं, तर त्यांनी माझ्यासमोर अंजिराचा डबा उघडला, एक फाडलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि माझ्या हातावर ठेवलं, स्वतः घेतलं नाही. मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, दुसऱ्या कोणाच्या आजाराबद्दल सांगावं तसं. पोटॅशियम आता त्यांच्या रक्तातून बाहेर जात नाही, साठतं, आणि साठलं की काळजावर येतं. "अंजीर चांगला," म्हणाल्या, "पण सगळ्यांका नाय. माका आता नाय." म्हापशाला मात्र जातच राहिल्या. दुसऱ्यांसाठी माळा आणत, फोडून बघत, घरोघर देत. चव बघायला तेवढं मला सांगायच्या. मी गोड म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

पुढे डायलिसिस लागलं. लाटंबार्शाहून ते जमणार नव्हतं. पुतण्या भला माणूस, तो त्यांना फोंड्याला न्यायला आला. त्या तिथून परत आल्या नाहीत; काही महिन्यांनी फोन आला. पण ते मला सांगायचं नाही. सांगायचं आहे ते त्या निघाल्या त्या सकाळचं.

आमची घरं उंचावर, रस्ता खाली. मध्ये चिऱ्याच्या पायऱ्या, ओबडधोबड, कठडा नाही. आई तोवर काठी घेऊन घरात, अंगणात हिंडत होत्या, पण पायऱ्या आम्ही त्यांना बंद केल्या होत्या. पुन्हा पडल्या तर कोण निस्तरणार? म्हणून सिस्टरच आमच्याकडे येऊन आईंना भेटून गेल्या. सिस्टरांनी आईंच्या पाठीवर हात ठेवला, डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त बघितलं आणि निघाल्या. मी आणि हे सामान घेऊन खाली गेलो. वाड्यावरची सगळी माणसं रस्त्यावर आली होती, जी एरवी त्यांना बघून जनेल लावून घेत. सिस्टर गाडीत बसल्या. पुतण्याने दार लावलं.

तेवढ्यात कोणीतरी वर बघितलं.

आई पायऱ्या उतरत होत्या. एका हातात काठी, दुसरा हात बाजूच्या दगडी गडग्याला, पायात एक चप्पल त्यांची आणि एक ह्यांची. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, मग थांबायचं. हे धावायला निघाले. गाडीच्या खिडकीतून सिस्टरांचा हात आला आणि त्यांनी ह्यांची बाही धरली.

"धरू नको तिका," त्या म्हणाल्या.

मग आम्ही सगळेच थांबलो. पुतण्याला उशीर होत होता, तरी त्याने गाडी सुरू केली नाही. आई पायरी पायरीने उतरल्या. खाली पोचल्या तेव्हा धापा टाकत होत्या. गाडीजवळ आल्या, खिडकीच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या मान वाकवून त्यांच्या पायांकडे बघत होत्या, कुठल्या पायावर किती भार येतोय ते.

"उतरलंस ता बरा केलंस," सिस्टर म्हणाल्या. "आता चढून दाखव."

आई वळल्या. आम्ही कोणी हात लावला नाही. मी फक्त एक पायरी मागे राहून चालत होते. चढण उतरण्याहून कठीण. अर्ध्यावर आई थांबल्या, गडग्याला टेकल्या, मला वाटलं आता बसतात. नाही बसल्या. वरच्या पायरीवर पोचून त्यांनी काठी टेकली आणि मागे वळून खाली बघितलं. गाडी अजून तिथेच होती. खिडकीतून सिस्टरांचा चेहरा वर वळलेला होता. मग काच वर गेली आणि गाडी सुरू झाली.